मादरी जबानीचा रकाना

कचेरीने किसनराव मास्तरांच्या हातात गेरूची पुडी, एक कुंचा आणि एक कोरे रजिस्टर ठेवले. एवढ्या तीन वस्तूंनी भल्या माणसाचे किती वाटोळे होऊ शकते, याची त्यांना त्या दिवशी कल्पना नव्हती. उलट ते खुशीत होते. येताना त्यांनी वाटेत दोघातिघांना मुद्दाम थांबवून रजिस्टर दाखवलेही.

सन एकेचाळीसचा माघ होता आणि मर्दुमशुमारी निघाली होती. दहा वर्षांतून एकदा सरकारला आपली माणसे मोजायची हुक्की येते, आणि मोजायला माणसे कमी पडली की सरकारला मास्तर आठवतात. गावातल्या पेठा थोरल्या मास्तरांनी आपसांत वाटून घेतल्या होत्या. किसनरावांच्या वाट्याला टेशनपुरा आला, कारण एक तर ते वयाने धाकटे, आणि दुसरे म्हणजे ते राहायलाच तिथे होते.

टेशनपुरा म्हणजे हिंगोलीच्या रेल्वे टेशनामागची वस्ती. वीस वर्षांपूर्वी तिथे नुसत्या बाभळी होत्या. मग कापसातली सरकी काढणारी जिने आली, जिनांमागे मजूर आले, मजुरांमागे खानावळ आली, आणि बघता बघता एकसष्ट घरे उभी राहिली. त्यात गावातला एकही माणूस नव्हता. कोणी नरसीचा, कोणी कळमनुरीचा, कोणी वाशीमकडचा वऱ्हाडी. रेल्वेचे गँगमन वरंगलकडून आलेले, जिनाचा राखणदार पठाण, आणि अगदी कडेला तांड्यावरून उतरलेली तीन घरे. ही सगळी मंडळी एकाच विहिरीवर पाणी भरत होती. वीस वर्षे पाणी भरता भरता तिथे एक अशी बोली तयार झाली होती की, गावातला माणूस ती ऐकून आधी हसायचा आणि मग पुन्हा विचारायचा. टेशनपुऱ्याच्या लोकांना मात्र आपण काही वेगळे बोलतो असे कधी वाटले नाही. त्यांच्या मते गावातलेच लोक जरा तोंड आखडून बोलत.

मास्तर मूळचे गोरेगावचे. पण ऐन उमेदीत दोन वर्षे ते पुण्यात आत्याकडे राहिले होते, आणि ती दोन वर्षे त्यांच्या जिभेवरून अजून उतरली नव्हती. ते ‘नाही’ स्वच्छ म्हणत. विहिरीवरच्या बायकांनाही म्हणायला लावत. बायका पदरात तोंड घालून एकदा म्हणत आणि घागर उचलून आपल्या वाटेला लागत. अकरा वर्षे मास्तर हे करीत होते. अकरा वर्षांत टेशनपुऱ्याच्या बोलीचे एक कवडीचेही नुकसान झाले नव्हते.

तेही त्यांनी सोसले असते. पण घरात मिरा होती. साडेचार वर्षांची ही एकुलती एक लेक आईशी एक बोलायची, शेजारच्या नानीबाईशी दुसरे, गँगमनच्या पोरींबरोबर सागरगोटे खेळताना तेलंगीत मोजायची, आणि बकरी हाकलायची ती पठाणाच्या जबानीत. एकदा तिने ओट्यावरून वडिलांना हाक मारली, “बा, बकरी पाला खाऊन राहिली, जल्दी इकडं ये ना रं.” एवढ्या एका वाक्यात किती प्रमाद आहेत ते मास्तरांनी शकुबाईंना बोटांवर मोजून दाखवले. शकुबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि बकरी हाकलली का, ते विचारले. बकरीने तोवर पाला संपवला होता.

मास्तरांना पुण्यात कोणा विद्वानाने सांगितले होते की लेकराची जीभ पाचव्या वर्षी पक्की होते, मग ब्रह्मदेव आला तरी ती वळत नाही. म्हणजे हातात सहा महिने उरले होते. त्या सहा महिन्यांत मिराला टेशनपुऱ्यातून बाहेर काढायचे, एवढाच त्यांना ध्यास लागला होता. परभणीच्या हायस्कुलात मराठीच्या मास्तरची जागा रिकामी होती. परभणीला वकील होते, डॉक्टर होते, वाचनालय होते. तिथली माणसे निदान चुकून तरी शुद्ध बोलत असतील अशी मास्तरांची खात्री होती. आणि कचेरीतल्या पेशकारसाहेबांनी रजिस्टर देताना स्वतःच्या तोंडाने सांगितले होते, “रजिस्टर साफ होना मास्तर साब. एक भी काट-छाट नक्को. जिसका साफ, उसकी सिफारिश.” मास्तरांचे अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे. सिफारिश आपली आणि परभणी आपली, असे समजूनच ते घरी आले आणि त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

पहिले काम घरांवर आकडे घालायचे. मास्तरांनी एका रविवारी एकसष्ट घरांच्या दारांशेजारी गेरूने एकसष्ट आकडे काढले. स्वतःचे घर त्यांनी सभ्यपणे शेवटी घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले तर वस्तीत एकही आकडा शिल्लक नव्हता. प्रत्येक दाराशेजारी पांढऱ्या मातीचा ओला पोतारा फिरला होता. त्यांच्या स्वतःच्या दाराशेजारीसुद्धा.

झाले होते असे की, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना आपापल्या गावचे प्लेगाचे साल आठवले. तेव्हाही सरकारी माणसाने भिंतींवर अशाच तांबड्या खुणा केल्या होत्या, आणि मग खुणेच्या घरातली माणसे रानात नेऊन झोपडीत टाकली होती. भिंतीवर काही वंगाळ उमटले की त्यावर पोतारा फिरवायचा, ही रीतच होती. मास्तरांनी घरी विचारले तेव्हा शकुबाईंनी सांगितले की सगळ्यांनी फिरवला, आपणच ठेवला असता तर बरे दिसले नसते.

इथे सोनाजी उगवला. सोनाजी शेजारच्या घरातला, नरसीचा, जिनात कापूस तोलणारा मापाडी. तोलायचे काम सोडून बाकी वेळ तो लोकांना सल्ले देत असे, आणि त्याचे सल्ले असे असत की ऐकताना माणसाला आपण बावळट होतो असेच वाटावे. गेरू कोण वापरते, त्याने विचारले. टेशनात डांबर पडले आहे. डांबरावर पोताराही बसत नाही आणि पाऊसही लागत नाही. मास्तरांना पटले. मर्दुमशुमारीचा आकडा पावसाळ्यापर्यंत कशाला टिकायला हवा, हे त्यांना विचारायला सुचले नाही.

डांबराने एकसष्ट आकडे झाले. त्याबरोबर मास्तरांचे धोतर, कोटाची एक बाही आणि डाव्या कानाची पाळी एवढेही झाले. पण आशाबाईच्या दारात वेगळाच घोळ झाला. आशाबाई वाशीमकडची, जिनाच्या मजुरांची खानावळ चालवणारी. तिच्या दाराशेजारी लक्ष्मीची पावले काढलेली होती, आणि मास्तरांनी घाईत त्या पावलांवरच काळे ठळक बावीस ओढले. लक्ष्मीच्या तोंडाला काळे फासले म्हणून ती मास्तरांच्या दारात येऊन बसली आणि उठेना. शेवटी सोनाजीनेच तोड काढली. आकडा काळा आहे ना, मग त्याला हळदकुंकू लावा. आशाबाईने लावले. ते पाहून शेजारणीने लावले. संध्याकाळपर्यंत टेशनपुऱ्यातल्या सगळ्या आकड्यांना हळदकुंकू लागले होते, आणि काही आकड्यांपुढे गुळाचा खडाही दिसत होता.

ज्या वस्तूची पूजा होते ती फुकटची नसते, हे सगळ्यांना कळते. दोन दिवसांत बातमी फिरली की आकडा म्हणजे जागेचा पट्टा. टेशनामागची जमीन सरकार मोकळी करणार, आणि ज्याच्या भिंतीवर आकडा त्याची जागा पक्की. मग काय विचारता. गोठ्यांवर आकडे आले. कडब्याच्या गंजीला फळी टेकवून त्यावर आकडा आला. पठाणाने आपल्या खाटेच्या पायाला एकोणीस घातला, कारण त्याला एकोणीस आवडायचा. मास्तर मोजायला निघाले तेव्हा एकसष्टाची त्र्याऐंशी घरे झाली होती आणि त्यांत सात नंबरची घरे तीन होती. सोनाजीच्या शेणखईवर, म्हणजे उकिरड्यावर, बासष्ट होता. मास्तरांनी त्याला जाब विचारला. तो म्हणाला की मास्तर, वस्ती वाढून राहिली, त्याला मी काय करू.

खऱ्या घरांतून खोटी घरे वेचायला मास्तरांचे चार दिवस गेले. त्या चार दिवसांत गोरेगावहून त्यांच्या आई पार्वतीबाई आल्या, मुलाच्या कानाचे डांबर खोबरेल लावून काढले, आणि हे सगळे पुण्याला गेल्यामुळे झाले असा निकाल देऊन परत गेल्या.

तरी हे सगळे बाहेरचे होते. खरे दुखणे रजिस्टरात होते. नाव, वल्दियत म्हणजे बापाचे नाव, उमर, पेशा हे रकाने सुतासारखे सरळ गेले. पाचवा रकाना होता मादरी जबान, म्हणजे मातृभाषा. त्याबरोबर कचेरीने एक छापील कागद दिला होता. सांगणाऱ्याच्या मनाला येईल ती नव्हे, तर पाळण्यात असल्यापासून जी कानावर पडली आणि जिच्यात लेकरू पहिल्यांदा बोलले ती जबान लिहावी, असा त्याचा मतलब. खाली जबानींची यादी. मास्तरांना हा कागद फार आवडला. भाषेबद्दल सरकारने कोणाला तरी खरे बोलायला लावले, याचेच त्यांना समाधान वाटले. तो कागद त्यांनी दारोदारी मोठ्याने वाचला.

पहिल्याच घरी त्यांची गाडी रुतली. सोनाजीने विचारले की कोणती लिहिता, घरी बोलतो ती, जिनात बोलतो ती, का बैलाशी बोलतो ती. मास्तर म्हणाले मराठी. सोनाजी म्हणाला लिव्हा. तेवढ्यात ओसरीवर आलेली आशाबाई उसळली. तिची आणि सोनाजीची एकच भाषा असेल तर हा माणूस खानावळीत मीठ मागतो तेव्हा मले काहून समजत न्हाई, असे तिचे म्हणणे. तिला वऱ्हाडी लिहून हवी होती. ती यादीत नव्हती. मास्तरांनी समजावले की वऱ्हाडी म्हणजे मराठीच. मग ती म्हणाली, तसे असेल तर सोनाजीची काढून टाका, माझी ठेवा.

वरंगलकडच्या गँगमनने तेलंगी सांगितली, पण त्याच्या बायकोने, जी कळमनुरीची होती, सांगितले की हा झोपेत बडबडतो ते मराठीतच बडबडतो. यावर त्या दोघांत जे भांडण झाले ते तिसऱ्याच भाषेत झाले, आणि ते सगळ्या वस्तीला समजले. पठाणाने आधी मास्तरांना आपल्या एकोणीस नंबरच्या खाटेवर बसवले. मग त्याने सांगितले की त्याची आई त्याच्या लहानपणीच वारली. तिची जबान त्याला ऐकली तर ओळखता येईल, पण बोलता येत नाही. अशा माणसाचे काय लिहायचे ते कागदावर नव्हते. मास्तरांनी पश्तो लिहिले, आणि त्या दिवशी पुढे कोणाच्या घरी गेले नाहीत.

नशीब एवढेच, की हे सगळे कच्च्या कागदावर चालले होते. पक्क्या रजिस्टरात एकदाच, शाईने, शेवटी उतरवायचे असे मास्तरांनी ठरवले होते. ही अक्कल त्यांची स्वतःची, सोनाजीची नव्हे, म्हणून ती टिकली.

मग पट्ट्याच्या बातमीला दुसरी बातमी फुटली. पट्टा मिळणार, पण ज्याची जबान इथली त्यालाच. बाकीच्यांना आपापल्या मुलखाला परत धाडणार. ही बातमी कोठून निघाली ते कळले नाही, पण ती आशाबाईच्या खानावळीत दुपारी जेवली आणि संध्याकाळी घरोघर पोचली. आणि इथली जबान म्हणजे कोणती? तर मास्तर बोलतात ती. कारण लिहिणार मास्तर.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या ओट्यावर रांग लागली. गँगमन आला आणि हात जोडून म्हणाला, “नमस्कार. आम्ही आलेलो आहोत.” मागून त्याची बायको म्हणाली की तीही आलेली आहे. आशाबाई ‘मले’ गिळून ‘मला’ म्हणायला लागली आणि प्रत्येक वेळी तिला ठसका लागायचा. विहिरीवर घागरी आपटल्या तरी बायका एकमेकींना ‘अहो, आपण सरकता का’ म्हणत होत्या. सोनाजीने तर आपल्या बैलाला ‘चला’ म्हटले, आणि बैल जागचा हलला नाही.

अकरा वर्षे मास्तरांनी ज्याची स्वप्ने पाहिली होती ते त्यांच्या दारात उभे होते, आणि त्यांना ते बघवेना. माणसे भेदरलेली होती. बोलताना शब्द शोधत, सापडला नाही की गप्प बसत. विहिरीवरचा कलकलाट बंद झाला. मिरासुद्धा सागरगोटे मुकाट्याने खेळायला लागली, कारण गँगमनच्या पोरींना घरून तेलंगीत मोजायची बंदी झाली होती आणि दुसऱ्या भाषेत त्यांना चाराच्या पुढे मोजता येत नव्हते. त्या आठवड्यात मास्तरांना पहिल्यांदाच आपल्या भाषेची लाज वाटली. ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नाही.

शेवटी नानीबाई आली. नानीबाईचे घर त्या कडेच्या तीन घरांपैकी. तिचा सासरा बैलांवर मीठ लादून मुलखामुलखात फिरलेला; नवरा धनसिंग जिनात गाडी हाकत होता. ती रोज मास्तरांकडे दुधाचा तांब्या घेऊन यायची आणि कधी ओट्याच्या वर चढायची नाही. त्या दिवशी तिने तांब्या खाली ठेवला आणि विचारले, “मास्तर, आमची बी मराठी लिव्हता का?”

मास्तरांनी तिला छापील कागद वाचून दाखवला. पाळण्यातली लिहायची, खोटी नाही. तिच्या पाळण्यात कोणती होती?

“पाळणा कुठला मास्तर. बैलाच्या पाठीवर वाढलो आमी. गोरमाटीच बोलतो.” मग म्हणाली, “पर हाकललं तर लेकरं घेऊन कुठं जाऊ?”

कोणी हाकलणार नाही, मी सांगतो, असे मास्तर म्हणाले. हे सांगायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. पण नानीबाईने ते खरे मानले. मास्तरांनी सगळ्या वस्तीला ओट्यापुढे बोलावले आणि तेच पुन्हा सांगितले; ज्याची जी आहे तीच लिहीन, आणि खोटे बोलेल त्याचे नावच लिहिणार नाही. लोक एकमेकांकडे बघत पांगले. संध्याकाळी विहिरीवर कोणीतरी कोणाच्या तरी सात पिढ्यांचा तेलंगीत उद्धार केला, आणि वस्ती पुन्हा जिवंत झाली.

पुढच्या रविवारी दुपारी मास्तर अंघोळ करून, कोरे धोतर नेसून पक्के रजिस्टर उतरवायला बसले. तीन तासांत साठ घरे झाली. एक ठिपका नाही, एक काना वाकडा नाही. शेवटचे घर त्यांचे स्वतःचे. नाव, किसनराव. मादरी जबान, मराठी. शकुबाई, मराठी. मिरा, उमर साडेचार वर्षे. हात चालताच होता. मराठी.

नानीबाई दूध घेऊन आली होती. तिने आपल्या घराचे काय लिहिले ते विचारले, मास्तरांनी वाचून दाखवले, लमाणी. गोरमाटीचे यादीतले नाव तेच होते. तिने मान हलवली. “आन मिरीचं?”

“मराठी,” मास्तर म्हणाले.

“बराबर हाय,” नानीबाई म्हणाली आणि तांब्या उचलायला वाकली.

“बराबर न्हाई,” शकुबाई दारातून म्हणाल्या. “ते खोटं लिव्हलं तुमी.”

मिराचा जन्म झाला तेव्हा मास्तर औरंगाबादला ट्रेनिंगला होते. इकडे शकुबाईंना हिवतापाने धरले आणि वर्षभर सोडले नाही. अंगावर दूध राहिले नाही. नानीबाईचे स्वतःचे लेकरू त्याच महिन्यात गेले होते. तिने मिराला नेले, पाजले, आणि वर्षभर कडेवर वागवले. एवढे मास्तरांना माहीत होते. पण लेक पहिल्यांदा ‘आई’ म्हणाली असे शकुबाईंनी तेव्हा पत्र धाडले होते. ते पत्र मास्तरांनी ट्रेनिंगच्या सगळ्या मास्तरांना वाचून दाखवले होते, आणि अजून पेटीत ठेवले होते.

“आई न्हाई म्हणली ती,” शकुबाई म्हणाल्या. “याडी म्हणली. हिच्याकडं बघून म्हणली. तुमाला वंगाळ वाटंल म्हणून मी आई लिव्हलं.”

याडी म्हणजे आई. हे टेशनपुऱ्यात कोणाला सांगावे लागत नव्हते, मास्तरांनाही नाही. मास्तरांपुढे तो छापील कागद पडला होता. जिच्यात लेकरू पहिल्यांदा बोलले ती. हाच कागद त्यांनी साठ घरी वाचला होता. हाच वाचून त्यांनी या बाईला, लेकरांना घेऊन कुठे जाऊ म्हणणाऱ्या बाईला, खरे सांगायला लावले होते.

नानीबाईच म्हणाली की राहू द्या मास्तर, कोण बघतंय. मास्तरांनाही तेच वाटले. कोणीच बघणार नव्हते. परभणीचे हायस्कूल त्या एका शब्दापलीकडे उभे होते. त्यांना रडू आले, आणि ते चक्क रडले, रजिस्टरावर पडू नये म्हणून मान बाजूला करून. मग त्यांनी टाक बुडवला, मराठीवर एक सरळ आडवी रेघ मारली आणि पुढे लमाणी लिहिले. एवढ्या मोठ्या रजिस्टरात तेवढी एकच रेघ होती, आणि तीही मोठी सुबक होती.

पेशकारसाहेबांनी रजिस्टर पाने उलटत पाहिले, वाहवा म्हणाले, आणि शेवटच्या पानावर थांबले. बाप मराठी, आई मराठी आणि मुलगी लमाणी, हे कसे? मास्तरांनी सगळी हकीकत सांगितली. पेशकार चांगला माणूस होता. त्याने पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाला, “बात तो दुरुस्त है मास्तर साब, लेकिन ऊपरवाले हमसे पूछेंगे ना. वापस मराठी कर दो.” म्हणजे आणखी एक रेघ. मास्तरांनी मारायला नकार दिला. तेव्हा पेशकारानेच ती तांबड्या शाईने मारली, वर मराठी लिहिले आणि बाजूला सही केली.

परभणीची सिफारिश गावातल्या एका थोरल्या मास्तरांची झाली. त्यांचे रजिस्टर आरशासारखे स्वच्छ होते. त्यांनी ते घरीच, झोपाळ्यावर बसून भरले होते. पहिल्या ओळीत मराठी लिहिले होते आणि खाली शेवटच्या पानापर्यंत नुसती सरळ रेघ ओढली होती.

मास्तर टेशनाच्या फाटकातून घरी आले तेव्हा ऊन उतरले होते. वस्तीतले आकडे तसेच होते. डांबरावर पोतारा बसत नाही हे सोनाजीचे खरे निघाले. ओट्याच्या पायरीवर नानीबाई बसली होती आणि मिरा तिच्या मांडीला टेकून दुधात कुस्करलेली बाटी खात होती. मास्तरांना बघून ती म्हणाली, “बा, याडीनं बाटी आणली. हात धू पैले, मंग बस. तुले बी ठिवली.”

मास्तरांनी हात धुतले आणि पायरीवर बसले. अर्धी बाटी खाऊन झाली तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की पोरीची एकही चूक त्यांनी दाखवली नाही. दाखवावी म्हणून त्यांनी तिचे वाक्य आठवून पाहिले. ते सगळे त्यांना नीट समजले होते, एवढेच आठवले.

शकुबाई बाहेर आल्या. त्यांनी परभणीचे काय झाले ते विचारले.

“न्हाई झालं,” मास्तर म्हणाले. “इथंच हावो आता आपण.”

शकुबाई हसल्या नाहीत. त्यांनी आत जाऊन पत्र्याची पेटी पुन्हा माळ्यावर चढवली, आणि चढवण्याआधी तिच्यातले ते जुने पत्र काढून चुलीत घातले. पुढच्या मर्दुमशुमारीला दहा वर्षे होती. तोवर मिरा पंधराव्या वर्षात जाणार होती, आणि तिच्या दारात कोणीतरी दुसराच मास्तर कोरे रजिस्टर घेऊन उभा राहणार होता. त्याला ती काय सांगेल याचा किसनराव मास्तर पायरीवर बसून पुष्कळ वेळ विचार करीत होते, आणि तेवढ्यात उरलेली बाटी बकरीने खाल्ली.